मुलाच्या आधी तास तपासा

एखादं मूल वर्गात एका जागी बसत नाही, लक्ष देत नाही, म्हणून डॉक्टरांकडे पाठवायचं ठरलं की वर्गशिक्षिकेकडे एक फॉर्म येतो. डावीकडे वाक्यं आणि उजवीकडे चार रकाने: कधीच नाही, कधी कधी, बऱ्याचदा, नेहमीच. जागेवरून उठतो. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देऊन टाकतो. हातातलं काम अर्धवट सोडतो. आपण बोलत असताना त्याचं लक्ष दुसरीकडेच असतं. बाई मधल्या सुट्टीत डबा खाता खाता खुणा करतात, कारण घंटा झाली की पुन्हा पन्नासच्या वर मुलं समोर असतात. फॉर्म प्रामाणिकपणे भरलेला असतो. मुलाला वाचन कसं येतं, गणित कसं येतं, हेही त्यात विचारलेलं असतं. पण तो जागेवरून उठला तेव्हा फळ्यावर काय चाललं होतं, आणि ते त्याला आधीपासूनच येत होतं का, हे कुठेच विचारलेलं नसतं.

डोंबिवलीच्या शाळांमध्ये समुपदेशक म्हणून मी असे फॉर्म वर्षानुवर्षं पाहते आहे. त्याआधी प्राथमिकला गणित शिकवत होते. खडू हातात असताना मागच्या बाकावरची चुळबुळ जीव कसा खाते, हे मला चांगलं ठाऊक आहे. तरीही, किंबहुना म्हणूनच, हे स्पष्ट लिहावंसं वाटतं. आपण मूल तपासतो. ज्या तासात ते चुळबुळतं तो तास तपासत नाही. त्यामुळे वर्गाच्या पुढे गेलेली काही मुलं एडीएचडीचा, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलपणाच्या विकाराचा, शिक्का घेऊन फिरतात. आणि ज्यांना खरोखर एडीएचडी आहे अशी काही मुलं, ती कोणाला त्रास देत नाहीत म्हणून किंवा मार्क चांगले पडतात म्हणून, मदतीवाचून राहतात.

तिसरीतल्या एका मुलाचं सांगते. त्याची डायरी लाल शाईने भरलेली होती. 'वर्गात लक्ष नाही.' 'वही अपूर्ण.' 'शेजारच्यांना त्रास देतो.' आईवडील एका दवाखान्यात जाऊन आले होते. तिथे शाळेचा फॉर्म पाहून एकाच भेटीत निदान झालं होतं आणि गोळीचं नावही लिहून मिळालं होतं. आई खुर्चीवर नीट टेकलीही नव्हती. म्हणाली, "मॅडम, गोळी चालू करू का नको, तेवढं सांगा." मी म्हटलं, ते ठरवणं माझ्या अधिकारातलं नाही, ते डॉक्टरच ठरवतील. पण त्याआधी मला त्याच्या वर्गात बसू द्या.

मुख्याध्यापिकांची परवानगी घेऊन शेवटच्या बाकावर बसले. गणिताचा तास होता, उसने घेऊन करायची वजाबाकी. बाईंनी फळ्यावर वीस उदाहरणं लिहिली. त्याने पहिली तीन सोडवली, बरोबर सोडवली आणि पेन्सिल खाली ठेवली. मग शेजारणीच्या वहीत डोकावून म्हणाला, "तुझं चौथं चुकलंय." ओरडा बसला. मग पेन्सिलीला टोक करायला कचऱ्याच्या डब्यापाशी गेला, येताना खिडकीपाशी रेंगाळला. पुन्हा ओरडा. फॉर्ममधल्या तीन-चार खुणा इथेच झाल्या असत्या. त्यानंतर त्याने वहीचं शेवटचं पान उघडलं आणि उरलेला तासभर मान वर केली नाही.

घंटा झाल्यावर मी ते पान मागून घेतलं. वरून खाली स्टेशनं लिहिली होती: कल्याण, ठाकुर्ली, डोंबिवली, कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे. शेजारी दोन रकाने, एक स्लो लोकलचा, एक फास्टचा. मागून सुटलेली फास्ट स्लोला कोणत्या दोन स्टेशनांच्या मध्ये गाठेल, हे तो शोधत होता. बाबा रोज गाडी पकडतात, वेळा त्यांच्याकडून घेतल्या होत्या. माझी नजर खिळली ती वजाबाकीवर. नऊ वाजून बारा मिनिटांतून आठ वाजून पंचेचाळीस मिनिटं वजा करायची, तर शेजारच्या घरातून दहा उसने घेऊन भागत नाही, साठ घ्यावे लागतात. हे त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा अगदी समजूत घातल्यासारखं म्हणाला, "बाई, तासाकडून घेतलं की साठच मिळतात ना!" फळ्यावर जो धडा चालला होता, त्याचीच पुढची पायरी तो वहीच्या मागच्या पानावर चढत होता. त्या दिवशीचा डायरीतला शेरा होता, 'गणिताच्या तासाला लक्ष नाही.'

मराठीच्या तासाला बाई गोष्ट वाचत होत्या तेव्हा तो नीट ऐकत होता. खेळाच्या तासाला पाठीवर खो मिळेपर्यंत आपल्या चौकोनात उकिडवा बसून राहिला, मध्येच उठून पळाला नाही. घरी विचारलं तर दप्तर स्वतः भरतो, कंपासपेटी हरवत नाही, सांगितलेलं काम विसरत नाही. म्हणजे अडचण एका जागेची होती. त्यातही एका विषयाची आणि एका प्रकारच्या कामाची होती: जे येतं तेच पुन्हा वीस वेळा करण्याची.

हा फरक बघायचा असतो हे मी माझ्या मनचं सांगत नाही. जगभर निदानासाठी वापरली जाणारी अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांची पुस्तिका, डीएसएम, तिच्या 2013 सालच्या पाचव्या आवृत्तीत अटी स्पष्ट आहेत. लक्षणं किमान सहा महिने असावीत, वयाच्या बाराव्या वर्षाआधी त्यांतली बरीचशी दिसलेली असावीत, आणि घर, शाळा, खेळ अशा किमान दोन ठिकाणी दिसावीत. त्याच पुस्तिकेच्या 1994 सालच्या चौथ्या आवृत्तीत तर उघडच सावध केलं होतं की, बुद्धीने पुढे असलेली मुलं डोक्याला खाद्य न देणाऱ्या वर्गात बसवली तर तिथेही त्यांचं लक्ष उडालेलं दिसू शकतं. जेम्स वेब या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसोबत 2005 साली प्रज्ञावान मुलांच्या चुकीच्या निदानांवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याच्याही कितीतरी आधी न्यूयॉर्कच्या लेटा हॉलिंगवर्थ यांनी अशा मुलांचं निरीक्षण करून नोंदवलं होतं की, नेहमीच्या वर्गात 140 बुद्ध्यंकाच्या मुलाचा निम्मा वेळ वाया जातो आणि 170 च्या मुलाचा जवळजवळ सगळाच. त्यांचं ते पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर 1942 साली छापलं गेलं. त्या वाया जाणाऱ्या वेळात आठ वर्षांच्या मुलाने काय करावं अशी आपली अपेक्षा आहे? हाताची घडी, तोंडावर बोट?

त्या मुलाची पुढे दुसऱ्या बालमानसोपचारतज्ज्ञांकडे रीतसर तपासणी झाली. काही भेटींमध्ये, आईवडिलांशी वेगळं बोलून, बुद्धिमापन चाचणी घेऊन, माझ्या वर्गातल्या नोंदी वाचून. एडीएचडी नाही असं ठरलं. वर्गात बाईंनी एक छोटा बदल केला. फळ्यावरच्या वीसपैकी कुठलीही पाच उदाहरणं त्याने नीट वहीत सोडवायची, ती बरोबर आली की पाचवीच्या पुस्तकातलं एक अवघड उदाहरण घ्यायचं. यासाठी बाईंचा जास्तीचा वेळ फारसा गेला नाही. मुलगा अजूनही बडबड्या आहे, शेजारणीच्या चुका अजूनही काढतो. डायरीतली लाल शाई मात्र कमी झाली.

आता दुसरी बाजू, आणि ती मला तितक्याच पोटतिडकीने सांगायची आहे. एडीएचडी हा खरा विकार आहे. पालकांच्या लाडाने किंवा शिक्षकांच्या कंटाळ्याने तो होत नाही. जगभरच्या पाहण्या एकत्र केल्या तर शंभरातल्या साधारण पाच मुलांना तो असतो. योग्य निदानानंतर औषध आणि वर्तनाचं प्रशिक्षण मिळालं की मुलाचं आयुष्य सावरतं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. म्हणून 'आमचा मुलगा जास्त हुशार आहे, बाकी काही नाही' हे ऐकून मी लगेच मान डोलावत नाही. ते निदान कानाला गोड लागतं, आणि म्हणूनच ते तपासून घ्यावं लागतं.

सहावीतल्या एका मुलाचे वडील मला वर्षभर हेच सांगत होते. "मॅडम, मोबाईलवर दोन-दोन तास हलत नाही, मग याचं लक्ष टिकत नाही असं कसं?" पण मोबाईलवरचा खेळ दर क्षणाला काहीतरी देत असतो: गुण, आवाज, रंग, पुढची पातळी. त्यात एडीएचडीचं मूलही तासन्‌तास बुडून राहतं. लक्ष जोखायचं ते जिथे बराच वेळ काहीच मिळत नाही अशा ठिकाणी. लोकलच्या वेळापत्रकाचं कोडं सोडवणाऱ्या मुलाला कोणी टाळ्या देत नव्हतं, दोनदा उत्तर चुकलं तरी त्याने खोडरबर घेतलं आणि पुन्हा मांडलं. हा सहावीतला मुलगा मात्र त्याच्या आवडीच्या बुद्धिबळातही चौथ्या-पाचव्या चालीला उठून जायचा. पाण्याची बाटली, स्वेटर, हॉलतिकीट, सगळं हरवायचं. दप्तर आई भरायची. क्रिकेटमध्ये फिल्डिंगला उभा केला की चेंडू शेजारून गेला तरी पत्ता नसायचा. आणि तो विलक्षण हुशार होता, यातही शंका नव्हती. एकदा ऐकलेलं त्याला पाठ व्हायचं, त्या जोरावर पाचवीपर्यंत निभावलं. सहावीत विषय वाढले, प्रकल्प आले, आठवड्याचं नियोजन करायची वेळ आली आणि तो कोसळला. प्रज्ञा आणि एडीएचडी एकाच मुलात असू शकतात, आणि तशा मुलात बुद्धी विकाराला झाकते, विकार बुद्धीला झाकतो, मूल दोन्हीकडून साधारण दिसत राहतं. त्याची आजी म्हणायची, "याचा बापही असाच होता, झाला ना इंजिनियर?" आजींचं निरीक्षण अचूक होतं, पण ते उलट बाजूने बोलत होतं. एडीएचडी मोठ्या प्रमाणात आनुवंशिक आहे.

मुलींचं तर विचारूच नका. ज्या मुलींना चंचलपणा नसून नुसता लक्षाचा त्रास असतो, त्या खिडकीतून बाहेर बघत बसतात, कोणाला उपद्रव देत नाहीत, आणि प्रगतिपुस्तकात 'शांत व गुणी' असा शेरा मिळवतात. त्यांच्यासाठी फॉर्म मागवला जातच नाही.

औषधाबद्दल एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. एडीएचडीसाठी दिलं जाणारं मिथाइलफेनिडेट हे आपल्याकडे शेड्युल एक्समधलं औषध आहे. त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक दुकानदाराला दोन वर्षं जपून ठेवावी लागते, इतकं त्यावर नियंत्रण आहे. गोळी दिल्यावर मूल शांत बसलं, म्हणजे निदान बरोबर होतं, असं पालक आणि शिक्षक दोघंही समजतात. ते खरं नाही. 1978 साली ज्युडिथ रॅपपोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुठलाही विकार नसलेल्या मुलग्यांना याच जातीच्या औषधाचा एक डोस देऊन पाहिलं. त्यांचीही चुळबुळ कमी झाली, त्यांचंही लक्ष चाचण्यांमध्ये वाढलं. म्हणजे औषधाचा गुण येणं हा निदानाचा पुरावा होत नाही. निदान आधी, नीट, वेळ देऊन व्हायला हवं.

वर्ग चुकीचं माप ठरतो याचं आणखी एक उदाहरण आहे, आणि ते प्रज्ञावान मुलांच्या नेमकं दुसऱ्या टोकाचं आहे. अमेरिकेत ज्या राज्यांत शाळाप्रवेशासाठी 1 सप्टेंबर ही तारीख धरतात, तिथल्या मुलांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. 2018 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये ते प्रसिद्ध झालं. ऑगस्टमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सर्वांत लहान असलेल्या मुलांना, सप्टेंबरमध्ये जन्मलेल्यांपेक्षा एडीएचडीचं निदान सुमारे एक तृतीयांशाने जास्त झालेलं होतं. एका महिन्याच्या फरकाने मेंदूचा विकार वाढत नसतो. वर्गातल्या मोठ्या मुलांशी तुलना होऊन लहान मूल 'हायपर' ठरतं. महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी 31 डिसेंबर धरतात. म्हणून फॉर्म हातात आला की मी आधी जन्मतारीख बघते. डिसेंबरातलं मूल असेल तर वर्गशिक्षिकेला एवढंच विचारते, याच्यापेक्षा अकरा महिन्यांनी मोठा असलेला मुलगा जे करतो, ते याच्याकडून मागतोय का आपण?

या सगळ्यात शिक्षकांना गुन्हेगार ठरवायचा माझा मुळीच हेतू नाही. पन्नास-साठांचा वर्ग, पोर्शन पुरा करायची तारीख, आणि त्यावर जनगणना, निवडणूक अशी कामं. एका मुलासाठी वेगळं उदाहरण शोधायला वेळ कुठून काढायचा? आणि पुढे गेलेल्या मुलासाठी आपल्या व्यवस्थेत जागाही फार थोडी आहे. शिक्षण हक्क कायद्याने मूल वयाप्रमाणे वर्गात बसवलं. जे शाळेबाहेर होतं त्याच्यासाठी ते न्याय्यच होतं, पण वयाच्या पुढे असलेल्याचं काय करायचं हे कोणी सांगितलं नाही. शिष्यवृत्ती आहे. सहावी आणि नववीला होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा आहे. थोडक्यात, हुशार मुलांसाठी आपल्याकडे परीक्षा आहेत, रोजचा तास नाही. तिसरीतल्या मुलाने परीक्षेची वाट बघत दिवसाचे पाच तास काय करायचं?

याचा विचार महाराष्ट्रात झालाच नाही, असंही नाही. पुण्यात 1962 साली आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली ती बुद्धिमान मुलांच्या शिक्षणाचा ध्यास घेऊनच. बुद्धी मोजायची साधनंही इथलीच आहेत: वि. वि. कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतलेली बिने-कामत चाचणी आजही वापरात आहे, आणि भारतीय मुलांसाठीची मॅलिन यांची चाचणी नागपुरात घडली. या चाचण्या एडीएचडीचं निदान करत नाहीत, ते त्यांचं कामही नाही. पण जाणकाराने घेतली तर मूल कशात पुढे आहे आणि कशात अडतं, याचा नकाशा मिळतो. माझी तक्रार आहे ती एवढीच की पालकांच्या हाती त्यातला एक आकडा पडतो. तो 135 असला की पेढे वाटले जातात. आकडे ऐकून उलटे म्हणताना किंवा ठरावीक वेळात खुणा भरताना मूल कुठे अडखळलं, ते कोणी विचारत नाही. हुशार मुलाची खरी अडचण बहुतेक वेळा तिथेच लिहिलेली असते.

हे वाचून कोणी चालू असलेली गोळी बंद करू नये. शंका असेल तर त्याच डॉक्टरांकडे किंवा दुसऱ्या बालमानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊन सविस्तर तपासणी मागावी. एका भेटीत, नुसत्या फॉर्मवरून सांगितलेलं निदान, मग ते 'एडीएचडी' असो की 'काही नाही, हुशार आहे' असो, स्वीकारू नये. जाताना शाळेच्या डायरीबरोबर मुलाने आपल्या मनाने काय केलं आहे तेही न्यावं: वहीची मागची पानं, घरी उघडून बघितलेलं रेडिओचं खोकं, अर्धवट सोडलेलं आणि पुरं केलेलं, दोन्ही.

मुख्याध्यापकांना आणि वर्गशिक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे. मुलाला बाहेर पाठवण्याआधी समुपदेशकाला, तो नसेल तर सहशिक्षकाला, तीन वेगवेगळ्या तासांना मागे बसू द्या. पंधरा दिवस त्या मुलाला त्याच्या कुवतीचं काम देऊन बघा. लक्ष टिकलं तर तेही लिहा, नाही टिकलं तर तेही लिहा, कारण दोन्ही उत्तरं डॉक्टरांच्या उपयोगाची आहेत. आणि त्या फॉर्मच्या खाली, छापलेलं नसलं तरी, स्वतःच्या अक्षरात दोन ओळी वाढवा: हे मूल असं वागलं तेव्हा वर्गात काय शिकवलं जात होतं, आणि ते त्याला आधीच येत होतं का. अशा दोन ओळी असलेला फॉर्म डॉक्टर थांबून वाचतात, हा माझा अनुभव आहे.